एक वाढली

कस्तुरामावशीला काचेबद्दल वाईट बोललेलं खपत नाही. बांगडी फुटली असं कुणी म्हटलं की ती लगेच ओठांवर बोट ठेवते. "फुटली म्हणू न्हाई लेकी. वाढली म्हणावं." हा नियम आपल्याकडे सगळ्याच बायका पाळतात, पण बांगडीपुरता. मावशीचा नियम काचेच्या सगळ्या खानदानाला लागू. तिच्याकडे कंदिलाची काच वाढते, चहाचा ग्लास वाढतो, एसटीच्या खिडकीची काचसुद्धा वाढते. माझा भाऊ भुजंग याच्या मोबाइलला तडा गेला तेव्हा "वाढला का रे?" असं तिनं इतक्या काळजीनं विचारलं की तो दिवसभर हसत होता. हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं. तरी मी घोळ घातलाच, आणि असा घातला की आठवला की आजही माझे कान तापतात.

मावशी मुखेडची कासारीण. आमचं गाव तिथून जवळच. पंधरा दिवसांनी एकदा ती डोक्यावर लाकडी पेटी घेऊन यायची आणि आमच्या ओसरीवर बसायची. माझ्या आयुष्यातली पहिली बांगडी तिनं भरली. तिची एक पद्धत आहे. हात हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ हलकेच दाबत राहायचं आणि भलतंच काहीतरी विचारायचं. "तुमची लाल गाय व्याली का गं?" मी गायीचं सांगायला लागायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असायची. माप घ्यायला तिला कडी लागत नाही. बाई फाटकातून आत येतानाच ती पुटपुटते, "सव्वादोन." आणि सव्वादोनच निघतं.

अख्ख्या पंचक्रोशीच्या बायकांचे हात भरणाऱ्या या बाईचे स्वतःचे हात मात्र मोकळे. अठ्ठाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. माणिकप्पा त्याचं नाव. माल आणायला तो एकदा पार फिरोजाबादला गेला होता आणि तिथून फक्त तिच्यासाठी डझनभर बांगड्या घेऊन आला. बाहेरून मधाचा रंग, आत डाळिंबाचा. एका काचेच्या पोटात दुसरी काच. माणिकप्पा त्यांना 'दुपोटी' म्हणायचा. तो शब्द त्याचाच, बाजारात असं नाव कुणी घेत नाही. सात महिने तिनं त्या घातल्या.

मग दहाव्याला गल्लीतल्या बायका जमल्या. मावशी म्हणाली, "दगड नका मारू माय. साबणाचा हात लावा, मी आख्ख्या काढून देते." कासारीण ती, बारा बांगड्या बारा श्वासांत काढल्या असत्या. कुणी ऐकलं नाही. रीत म्हणजे रीत. सगळ्या वाढवल्या. एक तुकडासुद्धा तिच्या हाती राहू दिला नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजात असताना, आणि सांगताना ती माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती.

तेव्हापासून ती तो रंग शोधत होती. नवा माल आला की बांगड्यांचा पहिला तोडा उन्हात धरून बघायची आणि खाली ठेवायची. "ह्यो न्हाई." अडतीस वर्षं हेच चाललं. तिला त्या बांगड्या घालायच्या नव्हत्या, तेवढी आशा तिनं केव्हाच सोडली होती. फक्त रंग परत बघायचा होता.

माझ्या लग्नात चुडा तिनंच निवडला. एकेक बांगडी वाजवून, उन्हात धरून. पण भरायची वेळ आली तेव्हा सासरकडच्या कुणीतरी म्हटलं, "विधवेच्या हातानं नवरीला चुडा?" मावशीनं पेटी तिथंच ठेवली आणि मांडवाच्या कडेला जाऊन बसली. भरायला दुसरी बाई आली. तिनं दोन वाढवल्या आणि माझ्या अंगठ्याला रक्त काढलं. मी काही बोलले नाही. बँकेत आज माझ्या तोंडाला सगळा स्टाफ वचकून असतो. त्या दिवशी ते तोंड कुठं गेलं होतं कोण जाणे.

तर, फुलदाण्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लातूरला औसा रोडला घर बांधलं. माझी नणंद शिवांगी पुण्याला असते आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं असं तिला वाटतं. तिनं हॉलचे फोटो मागवले आणि कळवलं, "वहिनी, भिंत फार मोकळी दिसते. तिथं व्हिंटेज इटालियन ग्लासच्या फुलदाण्यांची जोडी पाहिजे." सोबत वीसेक फोटो. मी आधी हसले. मग ते फोटो रात्रंदिवस बघायला लागले. काच अशी असू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. हिरव्यात निळा उतरलेला, काळ्यात सोनं शिंपडलेलं. माझा नवरा वैजनाथ म्हणाला, "रेणापूरच्या बाजारात मातीचे माठ छान मिळतात." मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही.

चौकशी करता करता नांदेडच्या संगमेश्वरशेठचं नाव कळलं. हैदराबादेत जुनी घरं मोडतात, हवेल्या विकल्या जातात, तिथली झुंबरं, आरसे, कपाटं उचलून आणून तो विकतो. फोनवर म्हणाला, "इटलीचे गुलदान हाईत ना मॅडम. नवाबाच्या घरचे." नवाबाच्या घरचं म्हटल्यावर मी सावध झाले. आपल्याकडे प्रत्येक जुना ग्लास नवाबाच्याच घरून आलेला असतो. काच ओळखणारं माणूस बरोबर हवं होतं, आणि तसं माणूस मला एकच माहीत होतं.

"इटली म्हंजी कुठं?" मावशीनं फोनवर विचारलं.

"लांब. समुद्रापलीकडं."

"तिथं बी कासार हाईत?"

"असतील की."

"मंग येते," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी ती मुखेडहून एसटीनं आली, इरकल नेसून, जणू कुणाच्या सोयरिकीला निघाली आहे. दुकान म्हणजे एक लांबडी अंधारी खोली. शेठनं आठ फुलदाण्या टेबलावर मांडल्या आणि एकेकीचा इतिहास सांगायला लागला. मला सगळ्याच आवडल्या. त्यातली एक निळी तर मी उचलून छातीशीच धरली. मावशीनं ती माझ्या हातातून काढून घेतली, दारात नेली, पदराचं टोक ओलं करून घासलं आणि परत आणून ठेवली.

"वरून रंग दिलाय. रंग पोटात पाहिजे."

शेठ हसला, पण त्याचा इतिहास तिथंच थांबला. मग पुढचा अर्धा तास तिचाच होता. ती नखानं टिचकी मारायची आणि कान लावायची. कडेवरून अंगठा फिरवायची. फुलदाणी उलटी करून बूड बघायची. "ही साच्यातली, बाजूला शिवण दिसते बघ. ही तोंडानं फुकून केल्याली, पण बूड कोरं हाय, म्हंजी कालपरवाची. जुनी वस्तू बसून बसून बुडाला घासती." इटलीची कुठली आणि कुठली नाही ते तिला सांगता येत नव्हतं. "ते शेठला माहीत. मी फकस्त काच सांगते." आठातल्या सहा तिनं अशा बाजूला काढल्या. शेठ मला हळूच म्हणाला, "मॅडम, ह्या आजींला परत आणू नका."

उरल्या दोन. जोडीच होती, वीतभर उंचीची, मान बारीक, पोट मोठं. अंधारात काळपट दिसत होत्या, म्हणून मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. मावशीनं त्यातली एक दारातल्या उन्हात धरली.

ती किती वेळ तशीच उभी होती मला सांगता येणार नाही. मला वाटलं, काहीतरी खोट सापडली. "काय झालं? तडा आहे का?"

"न्हाई," ती म्हणाली. "ह्याच घे."

मी बघितलं. बाहेरून मध, आत डाळिंब. मला सुंदर वाटल्या एवढंच. मावशीची ती गोष्ट मला आठवली नाही. मी हॉलची भिंत आठवत होते.

शेठ म्हणाला, "ह्यातलाच तिसरा बी होता. गोदामात घावला तर आजींकडं पाठवून देतो, मुखेडला माझी गाडी असते." मला तिथून थेट छत्रपती संभाजीनगरला बँकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. शेठ वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला तेव्हा मावशीनं त्याच्या हातातून कागद ओढून घेतले. "कागदात काच नेतात का कुठं? मी नेते. पेटीत गवत घालून बांधते, भुजंग लातूरला येईल तवा आणील." दोन्ही फुलदाण्या दोन धडुत्यांत बांधून, मांडीवर घेऊन ती मुखेडच्या गाडीत बसली. मी खालून हात हलवला. तिचं लक्ष मांडीकडं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेनिंगच्या जेवणाच्या रांगेत माझा फोन वाजला. हातात ताट, कानाला फोन, समोर आमचे मॅनेजर.

"सुकू," मावशी म्हणाली, "एक वाढली गं."

माझ्या डोक्यात शेठची तिसरी फुलदाणी, ती गोदामात सापडली असणार. "वाढली तर वाढली. मग ती तुझ्याकडंच ठेव."

रांग एक पाऊल पुढं सरकली.

"माझ्याकडं?"

"हो, तुलाच दिली. मला काय करायची?"

"खरंच ठेवू? लेकी, मला वाटलं तू चिडशील. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

"त्यात चिडायचं काय? चल, ठेवते, मॅनेजर उभे आहेत." आणि मी वरण घेतलं.

तीन आठवड्यांनी भुजंग पेटी घेऊन आला. गवत उपसत गेले. एक फुलदाणी निघाली. आणखी गवत उपसलं. पेटीचं बूड लागलं.

"दुसरी?"

"मावशीनं एवढीच दिली," भुजंग म्हणाला. "म्हणली, सुकूला माहीत हाय."

मला जे माहीत होतं ते मी जोरजोरात सांगितलं. तीन झाल्या होत्या, एक मी आपण होऊन दिली, तर बाईनं दोन ठेवल्या! मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. वैजनाथ म्हणाला, "एक फोन करून विचार की." मी म्हटलं, "मी कशाला विचारू? तिला लाज नको?" भुजंगला मान खाली घालून चहा प्यावा लागला. खरं सांगायचं तर फुलदाणी गेल्याचं दुःख निम्मंच होतं. जिच्या हातावर मी डोळे मिटून हात ठेवत आले, तिनं असं करावं, याचं जास्त होतं. त्यानंतर तिचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. संक्रांतीला तिच्या बांगड्या दरवर्षीसारख्या भुजंगच्या हाती आल्या. मी पुडकं सोडलं नाही. कपाटावर टाकून दिलं.

फेब्रुवारीत शेतीच्या वाटणीच्या कागदांसाठी मला मुखेडला तहसीलला जावं लागलं. सकाळी लवकर पोचले. म्हटलं, कचेरी उघडायच्या आत एक हिशेब चुकता करून टाकू. वाक्यं मी अहमदपूरपासून तयार करत आले होते.

मावशीची खोली बाजारतळाच्या मागं आहे. दार उघडं होतं. आत तिची शेजारीण सिंधु चहा पीत बसली होती. मला बघून ती उठलीच. "ह्याच का सुकन्याताई? मावशी, आल्या बघा तुमच्या ताई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लई मोठं मन तुमचं. एवढी महागाची वस्तू हिच्या हातून वाढली, पर तुम्ही एका शब्दानं बोलल्या न्हाईत. वर तुकडे बी हिलाच देऊन टाकले. आख्ख्या गल्लीत सांगून राहिली ही."

तुकडे.

मी खिडकीकडं बघितलं. पूर्वेच्या खिडकीत पांढऱ्या धडुत्यावर फुलदाणीचं खालचं पोट उभं होतं, मानेपासून तुटलेलं. शेजारी मानेचे तुकडे, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडलेले. एवढे पुसलेले की धुळीचा कण नाही.

अहमदपूरपासून तयार केलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. मी खाली बसले. पाय धरायला हवे होते, तेही सुचलं नाही.

"कशी वाढली, मावशी?" मी विचारलं.

ती जवळ येऊन बसली. "मी फोनवर सांगणार व्हते, पर तू घाईत व्हतीस. चूक माझीच हाय. कंधारच्या पुढं ऊन खिडकीतनं मांडीवर आलं. मला राहवलं न्हाई गं. म्हटलं, एकदा उन्हात बघावी. दोन्ही सोडल्या. एक ह्या हातात, एक त्या हातात. गतिरोधकावर गाडी उडाली आन् काचेला काच लागली. पन्नास वर्सं झाली ह्या धंद्यात. काचेला काच लागू द्यायची न्हाई, हे मी पोरींना शिकवते. आन् मीच."

"उन्हात कशाला बघायची होती?"

"थांब, आता ऊन येतंय," ती म्हणाली आणि उठून खिडकीपाशी गेली. बाजारतळाच्या भिंतीवरून ऊन खोलीत उतरलं. तुकड्यांमधून मधाचा आणि डाळिंबाचा रंग भिंतीवर पडला. मावशीनं दोन्ही हात पुढं केले आणि मनगटं त्या उजेडात धरली. रंग तिच्या मोकळ्या मनगटांवर पडला, तुटक तुटक, जरासा हलणारा. ती हात थोडे वळवून बघत होती, नवीन चुडा भरल्यावर बायका बघतात तसे.

"हाच," ती म्हणाली. "ह्यांनी आणलेला. सकाळी थोडाच येळ असतो."

तेव्हा मला दुपोटी आठवल्या. मी रडले. सिंधुला वाटलं फुलदाणीसाठी रडते आहे, आणि ती माझी समजूत घालायला लागली.

मी मावशीला माझा घोळ सांगितला नाही. सांगायला हवा होता का, मला अजून ठरवता येत नाही. तहसीलचं काम तसंच टाकून मी लातूरला आले, आणि पुढच्या रविवारी राहिलेली अख्खी फुलदाणी गवतात बांधून परत मुखेडला गेले.

मावशीनं ती बघितली आणि दोन पावलं मागं सरली. "ही कशाला? साबूत वस्तू माझ्या घरात कशाला लेकी? वाढलेली माझी, साबूत तुझी. मला हे पुरे झालं."

माझा आवाज चढला. "कुणी ठरवलं हे? त्या बायकांनी? माझ्या सासरच्यांनी? त्या दिवशी मांडवात मी गप्प बसले, मावशी. आज बसणार नाही. तू सांगितलं होतंस ना, आख्ख्या काढून देते म्हणून? ही आख्खी आहे. घे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदरानं खिडकीतली जागा पुसली आणि फुलदाणी दोन्ही हातांनी तिथं ठेवली. ऊन अजून आलेलं नव्हतं. आम्ही दोघी चहा पीत त्याची वाट बघत बसलो.

निघताना मी तुकडे मागितले. तिनं ते अख्ख्या वस्तूहूनही जपून बांधले, प्रत्येक तुकड्याभोवती वेगळं गवत. मग म्हणाली, "हात आण." संक्रांतीचं पुडकं मी बरोबर नेलं होतं, ते तिनंच सोडलं. अंगठ्याचं मूळ दाबत तिनं विचारलं, "भुजंगची म्हैस काय म्हणते?" मी म्हशीचं सांगायला लागले.

मे महिन्यात शिवांगी आली. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तिनं भिंतीकडं बघितलं. शोकेसमध्ये मानेपासून तुटलेलं एक पोट आणि त्याच्यासमोर ओळीनं मांडलेले तुकडे.

"वहिनी, अगं, ही तर फुटलीय!"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"फुटली म्हणू नाही गं. वाढलीय."